परवाना बंदुकीचा, गोळीचा नव्हे

9 ऑगस्ट 2011, क्रांतिदिन. पवना धरणाचे पाणी बंदिस्त जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला नेण्याला विरोध करणारे मावळातले शेतकरी बऊरजवळ पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. तिघे गेले, त्यांत एक महिला. जमावाने दगडफेक केली, जिवावर बेतले म्हणून गोळ्या झाडाव्या लागल्या, ही पोलिसांची बाजू होती. सरकारने निवृत्त न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांचा चौकशी आयोग नेमला. त्यानंतर मावळच्या निवडणुकांत हा गोळीबार कुणाच्या ना कुणाच्या भाषणात येत राहिला. त्यामागचा कायद्याचा प्रश्न मात्र व्यासपीठावर फारसा आला नाही: 'स्वसंरक्षणार्थ' हा शब्द बंदूकधाऱ्याला नेमका कुठपर्यंत वाचवतो?

या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी बेमालूम मिसळल्या जातात. बेकायदा जमाव पांगवणे ही एक. त्यासाठी दंडाधिकाऱ्याचा किंवा जबाबदार पोलीस अधिकाऱ्याचा हुकूम लागतो आणि बळ वापरायचे ते जमाव हटवण्यापुरतेच. स्वतःचा जीव वाचवणे ही दुसरी. तिथे हुकूम लागत नाही, पण ज्याने चाप ओढला त्याने आपल्या गोळीचे उत्तर स्वतः द्यायचे असते. शेजारच्या शिपायावर दगड आला, एवढ्याने दूरच्या टोकाला उभ्या असलेल्याची गोळी आपोआप समर्थनीय ठरत नाही. प्रत्येक गोळीमागचा धोका वेगळा दाखवावा लागतो.

स्वसंरक्षणाचा हा हक्क वर्दीचा नाही, माणसाचा आहे. पूर्वीच्या दंड संहितेतली कलमे 96 ते 106 आता, 1 जुलै 2024 पासून, भारतीय न्याय संहितेत 34 ते 44 झाली आहेत, गाभा तोच. हल्ल्याची वाजवी भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो, भीती सरली की संपतो. बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. पोलिसांकडे जाण्याइतकी सवड असेल, तर हक्कच उरत नाही. जीव घेण्यापर्यंत तो पोचतो ते मोजक्याच प्रसंगी: मृत्यूची किंवा जबर दुखापतीची भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला असे. मालमत्तेसाठी यादी आणखी आखूड आहे: जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतली घरफोडी, राहत्या घराला आग लावणे आणि ज्या चोरीत वा घुसखोरीत जिवाची भीती वाटावी अशी चोरी वा घुसखोरी.

ही यादी मावळातल्या मळवलीत नीट वाचायला हवी. भाजे लेण्यांच्या वाटेवर, लोहगडाच्या पायथ्याला, कार्ल्याच्या बाजूला शनिवार-रविवारपुरते उघडणारे बंगले आहेत. जमिनीला सोन्याचा भाव आला, तशी कुंपणे उंच झाली आणि बांधाचे, वहिवाटीचे, सातबाऱ्याचे वाद धारदार झाले. शेजारच्या मुळशीत जमिनीच्या वादात शेतकऱ्यांवर पिस्तूल रोखल्याची चित्रफीत 2024 च्या जुलैमध्ये राज्यभर फिरली आणि गुन्हा दाखल झाला. अशा वेळी 'शस्त्र परवान्याचे आहे' हे उत्तर ठरलेले असते. ते चुकीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. परवाना बंदूक बाळगण्याचा असतो. ती कुणावर रोखावी, हे परवाना सांगत नाही. दिवसाढवळ्या बांधावर उभा राहून भांडणारा शेतकरी घरफोड्या नसतो, आणि तलाठी, तहसील, दिवाणी न्यायालय, पोलीस ठाणे हे सारे मार्ग खुले असतात.

कायदा भित्रेपणा शिकवतो, असा मात्र याचा अर्थ नाही. दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या 2010 च्या निकालात मुळाशी शेतजमिनीचाच वाद होता. वडिलांवर धारदार शस्त्राने हल्ला होताच मुलाने परवान्याच्या बंदुकीतून गोळी झाडली. उच्च न्यायालयाने त्याला दोषी धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. समोर मृत्यू दिसणाऱ्याने आपला वार तोळ्या-माशाने मोजावा, अशी अपेक्षा न्यायालय ठेवत नाही. जमावाने घेरलेल्या माणसाला गोळी झाडल्याशिवाय सुटका नसेल आणि त्यात मिसळलेल्या मुलांना इजा होण्याचा धोका असेल, तरी तो गुन्हेगार ठरत नाही, हे उदाहरण खुद्द संहितेतच आहे. पण त्याच दर्शनसिंग निकालाने हेही बजावले की हा हक्क बचावाचा आहे, सूड उगवण्याचा नाही.

बंदुकीची खरी अडचण इथेच आहे. काठी उगारलेला हात मध्येच थांबू शकतो. सुटलेली गोळी थांबत नाही. पहिली गोळी भीतीने सुटली असेल, पण हल्लेखोर पाठ फिरवून पळू लागल्यावर झाडलेल्या तिसऱ्या गोळीला कायद्याचे छत्र नसते. सद्भावनेने हद्द ओलांडली, तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरू शकतो. शिक्षा त्यालाही आहे.

दुसरी अडचण पुराव्याची. भीतीची कहाणी बहुधा बंदूकधारीच सांगतो, कारण दुसरा सांगायला उरलेला नसतो. म्हणूनच बचावाची परिस्थिती दाखवण्याचा भार कायद्याने आरोपीवर टाकला. हा भार हलका आहे, संशयातीत पुरावा लागत नाही, आपली बाजू अधिक संभाव्य दाखवली की पुरते. पण शून्यही नाही. वर्दीला यातून सूट नाही. मुंबईतल्या चकमकींवरील याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2014 रोजी स्वतंत्र तपास, दंडाधिकारी चौकशी, शस्त्र तपासणीसाठी जमा करणे असे नियम घालून दिले. बरोबर दहा वर्षांनी, 23 सप्टेंबर 2024 ला, बदलापूरच्या शाळेतील मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणातला आरोपी पोलीस व्हॅनमध्ये गोळीने मेला. त्याने पिस्तूल हिसकावून गोळी झाडली, म्हणून प्रत्युत्तर दिले, असे पोलिसांनी सांगितले. 'बदला पुरा'चे फलक झळकले. जानेवारी 2025 मध्ये दंडाधिकाऱ्यांचा अहवाल उच्च न्यायालयापुढे आला: बळाचा वापर समर्थनीय नव्हता, पाच पोलीस जबाबदार होते. फलक लावणाऱ्यांनी नकळत पोलिसांच्या बचावालाच सुरुंग लावला होता, कारण बदला आणि बचाव एका गोळीत नांदत नाहीत.

गोळी कुणाला लागली यावरून आपण बाजू ठरवतो, ही आपली खोट आहे. मरणारा नकोसा असला की स्वसंरक्षण पटते. आपल्या गावचा असला की तोच शब्द ढोंग वाटतो. मावळच्या शेतकऱ्यासाठी जो हिशेब मागितला, तोच बदलापूरच्या आरोपीसाठीही मागता आला पाहिजे: धोका कोणता होता, किती जवळ होता, गोळीवाचून सुटका नव्हती का, आणि शेवटची गोळी सुटली तेव्हा तो धोका शिल्लक होता का? हे प्रश्न नकोशा माणसाच्या मृत्यूवर विचारण्याची सवय सुटली, तर पुढच्या बऊरला ते विचारण्याचा आपला अधिकार दुबळा झालेला असेल.