मुक्या जिवाचे आजारपण

आपले दुःख सांगू न शकणाऱ्या जिवाचे आपण कितपत देणे लागतो? गाय हंबरते, कुत्रा कण्हतो. तेथे उत्तर निदान सुचते तरी. साप कण्हत नाही. त्याला पापण्याही नाहीत, त्यामुळे डोळ्यांवरूनही आपल्याला काही उमगत नाही.

परळी वैजनाथ हे ज्योतिर्लिंगाचे क्षेत्र. शंकराच्या गळ्यातील नाग येथे लहानथोरांच्या ओळखीचा. नागपंचमीला गारुड्याची टोपली पूर्वी मराठवाड्यात दारोदार फिरे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती हळूहळू विरळ झाली. टोपलीतला नाग मुकाट पडून राहिला की लोक कौतुकाने म्हणत, ‘किती माणसाळलाय!’ वस्तुतः पुष्कळदा तो आजारी असे. विषदंत उपटल्याने तोंडात पू झालेला, दिवसेंदिवस पाण्याविना कोंडलेला. असा तहानलेला साप पुढे येईल ते दूधही पितो. ते त्याला पचत नाही, आणि श्वासनलिकेत उतरले तर फुप्फुस सुजते. आपल्यासारखे श्वासपटल नसल्याने खोकून कफ बाहेर टाकणेही त्याला साधत नाही. दूध पाजणारी माउली क्रूर नव्हती, हे खरेच. परंतु आपल्याला सोयीची वाटते म्हणून एखाद्याची ग्लानी आपण शांती समजावी काय? (माणसांच्या बाबतीतही हे घडते, घरातील वृद्ध अबोल झाले की ‘आता कसे शांत झालेत’ असे आपण म्हणतोच.)

संत थॉमस अक्वायनस यांच्या मते प्राण्यांशी क्रौर्य करणारा पुढे माणसांशीही निष्ठुर होतो. बेंथमने १७८९ मध्ये, प्राणी दुःख भोगू शकतात का, एवढेच विचारले. सापापाशी आणखी एक पायरी अगोदर येते: ते दुःख ओळखण्याचे कष्ट आपण घेणार आहोत का?

ओळखता येते. तोंड उघडे ठेवून घेतलेला श्वास, नाकपुड्यांशी बुडबुडे, हिरड्यांवर पिवळट थर, तुकड्यातुकड्यांनी निघणारी कात. उलट कात टाकण्यापूर्वी डोळे निळसर होतात, साप अन्न सोडतो. तो आजार नव्हे. परदेशी स्थायिक झालेल्या ज्या कुटुंबांत मुले कायदेशीरपणे साप पाळतात, त्यांनी घरगुती औषधे टाळून सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जाणत्या पशुवैद्याकडे जावे. साप आपले शरीर स्वतः तापवू शकत नाही. म्हणून आजारात त्याला हवी तेव्हा गाठता येईल अशी उबदार जागा आणि स्वच्छ पाणी लागते. आपल्याकडे मात्र नाग किंवा धामण बाळगण्याचाच अधिकार कुणाला नाही. जखमी साप आढळला तर दूध, हळद काहीही न लावता-पाजता वनखात्यास कळवावे, आणि माणसे येईपर्यंत बघ्यांना दूर ठेवावे.