मेरेवरच्या माणसाचा धर्म

हैद्राबाद राज्य १९५६ साली विभागले गेले, तेव्हा आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात गेला आणि त्याचे किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यास मिळाले. तरीही तेलंगणातील केरामेरी आणि महाराष्ट्रातील जिवती यांच्या मेरेवरील चौदा गावांवर दोन्ही राज्ये हक्क सांगत आली आहेत. पूर्वी आदिलाबादेत मोडणारे केरामेरी २०१६ पासून आसिफाबाद जिल्ह्यात आहे. या गावांतून मराठी व तेलुगू अशा दोन्ही शाळा आढळतात. घरोघरी शिधापत्रिका दोन, मतदार-ओळखपत्रेही दोन.

अशा ठिकाणी नव्याने बिऱ्हाड थाटणाऱ्याने दोन्हींकडून घ्यावे काय?

तेथेच जन्मलेल्यास दोष देणे अन्यायाचे होईल. रेषा त्याने आखली नाही. राज्ये उघडपणे देतात, ते तो उघडपणे घेतो. जमिनीच्या पट्ट्यासाठी मात्र त्यास वर्षानुवर्षे झगडावे लागले आहे. स्वेच्छेने येणाऱ्याची गोष्ट निराळी. ही संदिग्धता त्याने स्वतः पत्करलेली असते. दुहेरी घेतलेले धान्य कोणा भुकेल्याच्या वाट्याचे असते. मत तर दान नव्हे, तो निर्णय होय. १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदाही एकाहून अधिक मतदारसंघांत नाव नोंदवू देत नाही.

संकल्प सोडताना आपण देशकालाचा उच्चार करतो. गोदावरीचे उत्तर तीर दोन्ही बाजूंस एकच असेल. परंतु 'मी येथे आहे' हे एकदाच म्हणावयाचे असते. भाषा दोन बोलाव्या, शेजार दोन्हींकडे राखावा. कर्तव्याचे ठिकाण मात्र एकच असावे.