शाळा अंगणात आली



संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील प्रसंग आपण अनेकदा ऐकला आहे. लोक बालकांना प्रभूकडे आणतात आणि शिष्य त्यांना दटावतात. शिष्यांचा हेतू वाईट नसावा. गुरूंना त्रास नको, इतकेच त्यांना वाटले असेल. तरीही प्रभू येशू रागावला, आणि तो मुलांवर नव्हे तर शिष्यांवर. जो बालकासारखा होऊन देवाचे राज्य स्वीकारत नाही त्याचा तेथे प्रवेश नाही, असे त्याने बजावले.

बालकासारखे म्हणजे कसे? सोलापूरच्या आपल्या गल्लीबोळांत सुट्टीच्या दिवशी पाहा. मुले चिंध्यांचा चेंडू करतात, फरशीवर खडूने निळा सूर्य काढतात आणि 'देव झोपतो कधी?' असे बिनधास्त विचारतात. त्यांना आपली प्रतिष्ठा सांभाळायची नसते. पडलो तर आई उचलील, ही खात्री असते. जिथे असा विश्वास असतो तिथे चुकण्याची भीती नसते, आणि जिथे भीती नसते तिथेच नवा विचार सुचतो.

आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी हे ओळखले. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने ते कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत वाढले. गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. मुलांना दोष देणे सोपे होते, पण ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मारिया माँटेसरी या कॅथलिक विदुषीची पद्धत त्यांनी अभ्यासली होती. परंतु महाग साधनांऐवजी त्यांनी शिंपले, खडे, पाने आणि बिया वापरल्या. मुलाला बदलण्याआधी मोठ्यांनी स्वतःचा विचार बदलला.

मोकळीक म्हणजे मनमानी नव्हे. माँटेसरीच्या वर्गात मूल आपले काम स्वतः निवडते, पण काम संपल्यावर वस्तू जागेवर ठेवते.

आता आपल्याकडे पाहू. धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ उत्तर देणाऱ्याला शाबासकी आणि प्रश्न विचारणाऱ्याला 'गप्प बस' असे तर होत नाही ना? दाबलेला प्रश्न मरत नाही. तेच मूल पंधराव्या वर्षी तो प्रश्न घेऊन दुसरीकडे जाते, आणि मिस्साला येते ते फक्त शरीराने. अशा वेळी बालक आणि प्रभू यांच्यामध्ये आपणच उभे असतो.

म्हणून या आठवड्यात रोज संध्याकाळी रोझरीनंतर घरातील लहानांना देवाविषयी एक प्रश्न विचारू द्या. तो शेवटपर्यंत ऐका. उत्तर येत नसेल, तर 'आपण मिळून शोधू' असे म्हणा. ते प्रश्न चिठ्ठीवर लिहून पुढच्या रविवारी आमच्याकडे द्या. आपण सारे त्यांवर विचार करू.

हे प्रभो, आमच्या लेकरांच्या वाटेतून आम्हांला बाजूला कर आणि त्यांच्यासोबत तुझ्याकडे यायला शिकव. आमेन.