विसावा आणि विवंचना

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. मनाला विसावा लाभला तो मात्र सुमारे आठ वर्षांनी. तोवर ख्रिस्ती धर्म हाती आला होता, ख्रिस्त नव्हे, असा भेद त्यांनी पुढे आत्मनिवेदनात केला आहे. बुद्धीला पटलेले तत्त्व चिंता शमवितेच असे नाही. आईवडील दुष्काळात गेले, पती अकाली गेला. तरी या विदुषीला अखेरपर्यंत छळणारा प्रश्न होता आपल्या पात्रतेचा. कृपेला पात्रता लागत नाही, हे उमगले तेव्हा तो मिटला. अशा शांतीला पलायन म्हणणे सोपे. पण १८९७ मध्ये मध्य प्रांतातील दुष्काळातून शेकडो निराधार मुली-स्त्रियांना केडगावी आणणाऱ्या त्याच. मुक्तिसदनात इतक्या जणींच्या अन्नाची विवंचना होतीच. स्वतःच्या तारणाची तेवढी उरली नव्हती.