अंगणात उभा थोरला भाऊ

२०२० च्या जानेवारीत धाराशिवला ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा शहराचं नाव अजून उस्मानाबाद होतं. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. संमेलननगरीला नाव दिलं होतं तेरच्या कुंभार-संत गोरोबाकाकांचं. ख्रिस्ती धर्मगुरूला मराठीचं हे मानाचं आसन का, म्हणून निवड झाल्यापासूनच कुरकुर होती. तिचं पुढे धमकीच्या फोनांत रूपांतर झालं आणि उद्‌घाटक ना. धों. महानोरांनाही ते आले. संमेलन मात्र झालं. 'सुबोध बायबल' लिहिणारा पाद्री आणि तेरचा कुंभार एका मांडवात बसले.

ढोकीच्या आसपास राहणाऱ्याला यात नवल वाटायला नको. ढोकी म्हटलं की लोकांना तेरणा साखर कारखाना आठवतो, पण तेरची वाटही इथूनच जाते. तेर म्हणजे जुनं तगर. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचं नाव आहे. इथला माल भडोचला आणि तिथून गलबतांनी पश्चिमेला जात असे. येशूला क्रुसावर दिलं, त्यानंतरच्या काही दशकांतला हा ग्रंथ. म्हणजे रोमन जगाशी या मातीची ओळख चर्चपेक्षा फारशी लहान नाही. पण मला तेर आठवतं ते व्यापारासाठी नाही. 'धर्म म्हणजे नियमपालन की नातं' या प्रश्नाचा सर्वांत अवघड पेपर तिथे काढला गेला, म्हणून आठवतं.

ख्रिस्ती प्रवचनांतून हा प्रश्न नेहमी फार सोपा करून सांगितला जातो. जुना करार म्हणजे आज्ञा, नवा करार म्हणजे प्रेम. परुशी कर्मठ, येशू दयाळू. नियम टाका, नातं जोडा. ऐकायला गोड आहे. पण प्रेमाने नियम जिंकला असं म्हणणाऱ्याने लूकच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायात जरा थांबावं. उधळ्या मुलाची गोष्ट सगळ्यांना पाठ असते आणि बहुतेक जण धाकट्याच्या मिठीपाशीच ती संपवतात. ती तिथे संपत नाही. थोरला शेतातून येतो, वाजंत्री ऐकतो, गड्याला विचारतो आणि अंगणातच अडून राहतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. तेव्हा हा जे बोलतो ते लक्ष देऊन ऐकण्यासारखं आहे. इतकी वर्षं तुमची चाकरी केली, तुमची एकही आज्ञा मोडली नाही, तरी मित्रांबरोबर खायला तुम्ही मला एक करडूदेखील दिलं नाही. आणि भावाबद्दल बोलताना तो 'माझा भाऊ' म्हणत नाही, 'तुमचा हा मुलगा' म्हणतो. बाप उत्तर देताना तेवढंच दुरुस्त करतो: 'हा तुझा भाऊ'.

ही गोष्ट ज्यांना उद्देशून सांगितली ते परुशी काही वाईट माणसं नव्हती. दशमांश देणारी, उपास करणारी, शास्त्र जाणणारी माणसं. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर सोवळ्यातली. येशूची तक्रार नियम पाळण्याबद्दल नव्हती, हिशेबाबद्दल होती. थोरल्याने बापाच्या घरात राहून मनात खतावणी ठेवली होती. घरच्या पोराने मजुरी मोजायला सुरुवात केली की तो घरात राहूनही गडीच होतो.

मराठी माणसांत हा अनुभव इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुणी लिहिलेला मला माहीत नाही, जितका पंडिता रमाबाईंनी लिहिला. १८५८ सालचा त्यांचा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे. मायबाप आणि मुलं तीर्थोतीर्थी पुराण सांगत पायी हिंडली, व्रतं केली, उपास केले, दानं दिली. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आधी आईवडील गेले, मग मोठी बहीण. शास्त्रात सांगितलेलं सगळं करून झालं होतं. पुढे इंग्लंडला वाँटेजच्या जोगिणींच्या मठात राहत असताना, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, त्यांनी लेक मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. गोष्ट इथे संपवणारे पुष्कळ आहेत, काही त्यांच्या अभिमानाने आणि काही त्यांच्यावरच्या रागाने. पण १९०७ साली लिहिलेल्या इंग्रजी आत्मनिवेदनात रमाबाई स्वतः सांगतात ते वेगळंच. बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षं आपल्याजवळ ख्रिस्ताचा धर्म होता, ख्रिस्त नव्हता, अशा अर्थाचं त्यांचं म्हणणं आहे. मतं पटली होती, विधी झाला होता, नाव नोंदलं गेलं होतं. तो माणूस भेटला नव्हता.

हे त्या वरवर म्हणत नाहीत. मधल्या वर्षांत त्यांनी मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी पत्रांतून जो वाद घातला, तो वाचताना आजही गंमत वाटते आणि धाकही बसतो. रमाबाई मांस खात नसत. सिस्टरला त्यात जातीचा अहंकार दिसला. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशासाठी, संस्कृत का नकोत, असा रमाबाईंचा सवाल. लॅटिन आमच्या बायकांना कळत नाही, आणि त्या भाषेत संस्कृतापेक्षा जास्त पावित्र्य कुठून आलं? भटजींचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलं, आता बिशपांचं मानेवर घेणार नाही, हाच त्यांचा एकूण सूर. एका धर्माचे नियम सोडून दुसऱ्याचे अंगावर चढवणं म्हणजे धर्मांतर असेल, तर त्यांनी ते पूर्ण केलंच नाही. जातीतून बाहेर काढणाऱ्यांना आणि चर्चमध्ये ओढणाऱ्यांना त्या सारख्याच अवघड गेल्या. मला हे त्यांच्या श्रद्धेतलं उणं वाटत नाही. श्रद्धेची सुरुवात वाटते.

नारायण वामन टिळकांची वाट दुसरी. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनाने ते अडकले आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. घरी पत्नी लक्ष्मीबाई. संसार मोडला, वर्षानुवर्षं ताटातूट झाली आणि मग नगर भागात एकत्र आल्यावर एकाच घरात दोन धर्म आणि पाण्याची दोन भांडी. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात हे सगळं लक्ष्मीबाई ज्या हसऱ्या तटस्थपणाने सांगतात, तसं सांगणं मराठीत पुन्हा कुणाला साधलं असेल असं मला वाटत नाही. लक्ष्मीबाईंचं सोवळं टिळकांच्या वक्तृत्वाने सुटलं नाही. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. एके दिवशी त्या एकट्याच विचार करत बसल्या: जाती देवाने केल्या की माणसाने? उत्तर मनाशी ठरलं आणि त्या दिवसापासून कुणाच्याही हातचं पाणी चालू लागलं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. आधी नातं, मग विधी. रमाबाईंचा क्रम नेमका उलटा होता. दोघी पोचल्या एकाच ठिकाणी, म्हणून क्रमाबद्दल कुणी फार छातीठोक बोलू नये.

टिळक स्वतः सांगत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. मराठी ख्रिस्ती माणसाला देवाशी बोलायची रीत रोमने किंवा बोस्टनने दिली नाही. विठोबाला माउली म्हणणारी, त्याच्याशी भांडणारी, रुसणारी भाषा इथे तयार होती. फादर स्टीफन्सनी १६१६ मध्ये 'ख्रिस्तपुराण' छापलं, तेव्हा त्यांनीही ओवीच उचलली. म्हणजे नात्याच्या बाबतीत आपण आधीच श्रीमंत होतो. अडचण नात्याच्या गरिबीची नव्हती, त्याच्या लाडाची होती. आणि इथे तेर पुन्हा येतं.

कुंभाराचं काम ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना ठाऊक आहे, मडकं चाकावरून उतरतं तेव्हा त्याचा गळा तयार असतो, पोट जाड आणि बेढब असतं. मग एक हात आत, बाहेरून लाकडी थापटणं. आतला हात आधार देतो, बाहेरचा मारतो, आणि भिंत हळूहळू पातळ होत जाते. आतला हात काढला तर मडकं बसतं. बाहेरचा थांबला तर ते जाडच राहतं. आवा उतरल्यावर बोटाने वाजवायचं. भाजलेलं खणखणतं, कच्चं बद्द वाजतं. परंपरा सांगते की ज्ञानदेव आणि त्यांची भावंडं, नामदेव, सगळी संतमंडळी जमली असताना मुक्ताबाईने कोपऱ्यातलं थापटणं दाखवून विचारलं, 'काका, हे काय?' आणि मग म्हणाली, आमचीही मडकी तपासा. गोरोबाकाका एकेकाच्या डोक्यावर थापटत गेले. सगळे निमूट बसले. नामदेव मात्र चिडले. निकाल लागला: हे मडकं कच्चं.

ही गोष्ट नामदेवांच्या बाजूने वाचून बघा. त्यांचं तर नातं होतं! देव त्यांच्या हातचा नैवेद्य खात होता. नियमापलीकडचं प्रेम मागायचं तर याहून जास्त काय मागणार? तरी ते कच्चे, कारण त्यांना वाटत होतं, विठोबा माझा आहे. मी त्याचा लाडका आहे, म्हणजे माझ्या डोक्याला कुणी थापटणं लावायचं नाही. रागावून ते पंढरीला गेले आणि गाऱ्हाणं सांगितलं, तर खुद्द विठोबाने कुंभाराचीच बाजू घेतली आणि त्यांना विसोबा खेचरांकडे धाडलं. थोरला भाऊ हिशेबामुळे अंगणात राहिला. नामदेव लाडामुळे राहिले असते. 'माझं येशूशी वैयक्तिक नातं आहे' असं आज सहज म्हणणाऱ्या माणसाला मी ही गोष्ट आवर्जून सांगेन. नात्याची ग्वाही आपण द्यायची नसते. शेजारी बसलेला देतो.

आणि प्रेम नुसतं प्रेम म्हणून निर्दोष असतं, असंही नाही. नामात दंग होऊन चिखल तुडवणाऱ्या गोरोबांच्या पायाखाली त्यांचंच मूल आलं, ही कथा आपण फार लवकर चमत्कारावर नेऊन पोचवतो. पंढरपूरच्या कीर्तनात मूल परत मिळतं, गोरोबांचे तुटलेले हात परत येतात, कथा गोड होते. पण मधली ती माउली, जी पाणी आणायला गेली होती आणि परत येऊन चिखल बघते, तिच्यापाशी क्षणभर थांबायला हवं. देवावरच्या प्रेमात माणूस दिसेनासा झाला तर काय होतं, हे इतक्या निर्दयपणे सांगणारी दुसरी कथा मला माहीत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात सर्वांत मोठी आज्ञा कोणती असं विचारल्यावर येशू एक सांगून थांबत नाही. देवावर प्रेम कर, आणि लगेच त्याच तोलाची दुसरी: शेजाऱ्यावर कर. विचारलं होतं एकीबद्दल. त्याने दुसरी न विचारता जोडली, आणि सगळं नियमशास्त्र या दोहोंवर टांगलेलं आहे असं सांगितलं. नियम त्याने फेकला नाही, खुंटी बदलली.

१९१७ साली टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा. पावती नाही, दाखला नाही, ख्रिस्तावर प्रेम असलं की पुरे. इतकं मोकळं ख्रिस्तीपण महाराष्ट्राने त्याआधी पाहिलं नव्हतं. त्याच काळात केडगावला रमाबाईंच्या मुक्तीसदनात दिवस घंटेवर चालत असे. दुष्काळातून उचलून आणलेल्या शेकडो मुली, विणकाम, तेलघाणा, शेती, छापखाना, शिकवणी, प्रार्थना, सगळं वेळच्या वेळी. बिशपांचं जोखड नाकारणारी बाई दळणाची वेळ चुकू देत नव्हती. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून खेड्यातल्या बाईला कळेल असं बायबल मराठीत आणण्याचं काम त्यांनी अखेरच्या दिवसांपर्यंत नेमाने केलं, आणि ते जुळवलं-छापलं तिथल्याच मुलींनी. तो नेम कुणी लादलेला नव्हता. उपाशी पोर दारात असेल तर भाकरीची वेळ पाळावीच लागते.

टिळक ९ मे १९१९ रोजी गेले आणि 'देवाचा दरबार' त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. केडगावची 'मुक्ती' आजही चालू आहे.