मागावरचा माणूस

भिवंडीकर आम्हांस यंत्रमागाची खडखड परिचयाची आहे. अशाच मागांच्या मालेगावी व्हिडिओ पार्लर चालविणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट केला. नट गावचेच, डाकू आले ते घोड्यांऐवजी सायकलींवर! पुढे सुपरमॅन झाला तोही मागावरचाच कामगार, शफीक शेख. क्रेनचे काम बैलगाडीने केले. फैझा अहमद खान यांच्या २००८ च्या माहितीपटाने ही धडपड जगापुढे आणली.

पोटाची विवंचना असता हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. विणलेल्या कापडावर विणकऱ्याचे नाव नसते. श्रमाचे मोल श्रम करणाऱ्या माणसाच्या ठायी आहे, असे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या परिपत्रकात शिकविले. तो माणूस मालेगावच्या पडद्यावर दिसला.

आज आपल्या मुलांच्या हाती मोबाइलचा कॅमेरा आहे. साधन स्वस्त झाले. जबाबदारी मात्र स्वस्त झालेली नाही. अपघातात विव्हळणाऱ्याचेही चित्रण होतेच. म्हणून कॅमेरा रोखण्यापूर्वी आपण स्वतःस विचारावे: हे चित्र पाहून समोरच्यास आपला मान राखला गेला, असे वाटेल काय?