शहा डोंगरावर बसून

पारनेरच्या सुप्याहून सायकल काढायची ती उजाडायच्या आत. एमआयडीसीच्या बसगाड्या सुरू झाल्या की पुणे रस्ता आपला राहत नाही. कामरगाव, चास, केडगाव मागे पडू द्या. पावसाळ्यात वारा पाठीशी असतो, परतताना तोच छातीवर येतो. तेव्हा जाताना आपण फार जोरात आहोत असं वाटलं तर त्यातलं थोडं श्रेय वाऱ्याला द्या. मनात घरचं, कामाचं काही येत राहील. येऊ द्या. पाय फिरताहेत, तेवढं पुरे.

नगर ओलांडून भिंगारच्या पुढे पाथर्डी रस्त्याला लागलात की समोर शहा डोंगर आणि त्याच्या माथ्यावर ती इमारत. सुप्यापासून चाळीसेक किलोमीटर. शेवटचा चढ आला की गियर हलका करा. दम लागला तर उतरा आणि सायकल हाताने ढकलत चला. सायकलवाल्यांना यात उगाच कमीपणा वाटतो. श्वास मोजायचा नाही, फक्त ऐकायचा. आधी तो भात्यासारखा वाजेल, मग हळूहळू पावलांशी जुळेल. जुळेपर्यंत थांबायला हरकत नाही.

माथा समुद्रसपाटीपासून सुमारे 940 मीटरवर आहे, खालचं शहर 650 च्या आसपास. इमारत आठ कोनांची, तीन मजली, काळ्या दगडाची. भोवती कमानींची गॅलरी. नक्षी जवळजवळ नाहीच. एका कमानीत बसा. पाठ दगडाला टेकू द्या. घाम वाळताना पाठीला गारवा जाणवेल. काही वेळ मन तेवढ्यावरच ठेवा.

आता ज्याच्या घरी आलो त्याची आठवण काढू. सगळा जिल्हा या इमारतीला चांदबीबीचा महाल म्हणतो, पण हा महालही नाही आणि चांदबीबीचाही नाही. तिने 1595-96 मध्ये शहजादा मुरादच्या वेढ्यात नगरचा किल्ला लढवला आणि 1600 मध्ये ती मारली गेली. इथे तळघरात आहे ती कबर सलाबतखानाची, मूर्तझा निजामशहाच्या वजिराची. राजा एकांतात राहू लागला, संशयाने घेरला गेला. राज्याचा गाडा या माणसाने ओढला. पुढे त्याच राजाने त्याला कैदेत टाकलं. 1588 मध्ये राजा पोटच्या मुलाच्या हातून गेला, आणि थोड्याच काळात वजीरही वारला.

एवढी इमारत, आणि तिच्यावर नाव दुसऱ्याचं. यावर हळहळण्याआधी थोडं थांबा. लोकांना चांदबीबी आवडली, म्हणून डोंगरमाथ्यावरची ही वास्तू त्यांनी तिला देऊन टाकली. मला यात अन्याय वाटत नाही. आपण केलेल्या कोणत्या कामावर आपलंच नाव राहावं असा हट्ट आहे, तो एकदा मनात नीट पाहून घ्या. सोडायची गरज नाही. नुसता पाहा.

मग तोंड पूर्वेच्या बाजूला करा. त्या अंगाला मेहेकरी नदीवर भातोडीचा तलाव आहे. तोही याच सलाबतखानाने बांधलेला. दिसो न दिसो, मनाने तिथे जा. बांध, त्याच्यामागे अडलेलं पाणी, काठचा चिखल. 1624 मध्ये मुघल आणि आदिलशाही फौजा एकत्र निजामशाहीवर चालून आल्या तेव्हा निजामशाहीच्या मलिक अंबरने हाच तलाव फोडला. शत्रूच्या तळावर चिखल झाला, वाटा बंद पडल्या आणि मोठी फौज थोडक्यांच्या हाती सापडली. त्या लढाईत शहाजीराजे निजामशाहीच्या बाजूने लढले, त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले.

शेतीसाठी अडवलेलं पाणी पन्नास वर्षांच्या आत हत्यार झालं. बांधणाऱ्याच्या मनात हे असणं शक्य नव्हतं. या विचारापाशी रेंगाळा, घाईने निष्कर्ष काढू नका. पाणी तेच होतं, बांधही तोच.

आणि आपण तर पारनेरची माणसं. पाऊस पडला की पहिला हिशेब विहिरीचा, मग ज्वारीचा. सुप्याच्या शेजारी राळेगणसिद्धीने आणि नगर तालुक्यात हिवरे बाजारने डोंगरउतारावर समतल चर खणले, ओढ्यांना बांध घातले, धावतं पाणी चालतं केलं आणि चालतं पाणी थांबवलं. शहा डोंगरावरून भोवतीचे उतार पाहताना माझ्या डोळ्यांना कमानींपेक्षा हे जास्त दिसतं: पाणी कुठून निघेल, कुठे वळेल, कुठे अडवता येईल. इतिहासाची आवड असणाऱ्यांनी माफ करावं, पण थडग्यापेक्षा तलाव हे त्या वजिराचं मोठं काम होतं असं मला वाटतं.

आता उठा. पाय मोकळे करा, एका बाजूने सुरुवात करून गॅलरीची फेरी सावकाश पुरी करा. बोलायचं नाही, फोन खिशातच राहू द्या.

उन्हाळ्यात जाणार असाल तर दोन्ही बाटल्या भिंगारमध्येच भरून घ्या. वर पाणी मिळेल या भरवशावर राहू नका.